गठ्ठ्यातली पटकथा

आज परत तेच वाचलं. कुठलीतरी सायन्स फिक्शन मालिका चालली, मग आता सगळ्यांनी तशाच काढा. चार यानं, दोन परग्रहवासी, व्हीएफएक्सवर बक्कळ खर्च, की झालं काम! डोकंच फिरलं. गाजलेल्या मालिकेतून काय उचलायचं हे ज्यांना कळत नाही, तीच माणसं दोन वर्षांनी ‘सायफाय चालत नाही हो’ म्हणून हात झटकतात.

‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ घ्या, पॅरामाउंट या अमेरिकन स्टुडिओची अंतराळमालिका. सप्टेंबर १९८७. फॉक्स हे नेटवर्क, म्हणजे देशभरच्या स्टेशनांना कार्यक्रम पुरवणारी कंपनी, १३ भागांच्या पुढे जायला तयार नव्हतं. मग पॅरामाउंटने नेटवर्कचा नादच सोडला आणि मालिका गावोगावच्या स्थानिक स्टेशनांना थेट दिली, तीही फुकट. फुकट म्हणजे बार्टर. तासाभरात १२ मिनिटं जाहिराती. त्यातली ७ मिनिटं पॅरामाउंट देशभरातल्या जाहिरातदारांना विकणार, उरलेली ५ मिनिटं स्टेशनवाला आपल्या गावात विकणार. वर स्टेशनांनी पुढे पुनःप्रक्षेपणही विकत घ्यायचं, हे आधीच कबूल करून घेतलेलं. एका भागाचा खर्च साधारण १३ लाख डॉलर, आणि तो या ७ मिनिटांच्या जोरावर उचलायचा. देशातल्या बहुतेक शहरांत स्टेशन मिळालं नाही तर मोठा जाहिरातदार फिरकत नाही, आणि तो आला नाही तर सगळा डोलारा खाली येतो. मान्य, जुन्या ‘स्टार ट्रेक’ची पुण्याई पाठीशी होती, स्टेशनवाले तिच्या रिपीटवर आधीच पैसे कमवत होते.

हे गणित जमलं आणि मालिका ७ वर्षं, १७८ भाग चालली. मग बाकीचे धावले. ‘बॅबिलॉन ५’, न्यूझीलंडमध्ये शूट झालेली ‘हर्क्युलिस’, तिच्यातून निघालेली ‘झीना’, सगळ्या नेटवर्कला वळसा घालून याच वाटेने घराघरात गेल्या. त्यातल्या दोघींत तर यानही नाही! तलवारी आणि ग्रीक देव. म्हणजे नक्कल झाली ती विक्रीच्या वाटेची. हे लिहितानासुद्धा चीड येते, कारण इतकी उघड गोष्ट कुणी बघतच नाही.

पण माझा जीव अडकलाय तो दुसऱ्याच गोष्टीत. रॉन मूर. कॉर्नेल विद्यापीठ अर्धवट सोडलेला, विशीतला पोरगा, मालिकेचा वेडा चाहता. ओळखीतून त्याला सेट बघायला मिळाला. जाताना त्याने स्वतः लिहिलेली पटकथा बरोबर नेली आणि तिथल्या एका सहायकाच्या हातात ठेवली. मग काही महिने शांतता. तिसऱ्या सीझनला मायकल पिलर लेखनविभागाचा प्रमुख म्हणून आला, तर हातात तयार कथाच नाहीत. त्याने आलेल्या पटकथांचा गठ्ठा उपसायला घेतला. त्यात ही सापडली, ‘द बाँडिंग’. १९८९ च्या ऑक्टोबरमध्ये ती प्रसारित झाली.

पिलरने मग ते दार उघडंच ठेवलं. एजंट नसला तरी चालेल, कायदेशीर फॉर्मवर सही करा आणि पटकथा पाठवा. अमेरिकन टीव्हीत हे कुणी करत नव्हतं, कारण उद्या कुणीतरी ‘माझी कल्पना चोरली’ म्हणून कोर्टात जाईल ही भीती. मान्य, गठ्ठ्यातलं बहुतेक टाकाऊच निघतं आणि वाचायला माणसं बसवावी लागतात. बसवा ना मग! रेने एचेव्हारिया त्याच दारातून आत आला, ‘द ऑफस्प्रिंग’ घेऊन. यानावरचा यंत्रमानव डेटा स्वतःसाठी मुलगी घडवतो, तो भाग. जवळजवळ सगळा यानाच्या आतच घडतो, आणि तरी घशात आवंढा येतो.

नरेन शंकर वेगळ्या वाटेने आला. तोही कॉर्नेलचा, अप्लाइड फिजिक्समध्ये पीएचडी. आधी इंटर्न, मग विज्ञान सल्लागार. लेखक संवादात जागा सोडून नुसतं ‘टेक’ लिहायचे. इंजिनात बिघाड झाला, कारण ‘टेक’, आता आम्ही ‘टेक’ करून दुरुस्त करतो. त्या जागा सल्लागार भरून द्यायचा. सोय होती, पण तिचा तोटाही झाला. संकट ‘टेक’ने आलं की ‘टेक’नेच सुटतं, माणसाला काही निवडावं लागत नाही. रॉन मूरने हे वर्षानुवर्षं जवळून पाहिलं, आणि २००३ मध्ये ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ ही जुनी अंतराळमालिका नव्याने करताना असली बडबड काढूनच टाकली. पाणी संपतं, माणसं मरतात, कुणाला तरी निर्णय घ्यावा लागतो. नरेन शंकर पुढे ‘द एक्स्पान्स’ या अंतराळमालिकेचा शोरनर, म्हणजे सगळी सूत्रं हलवणारा प्रमुख, झाला. गठ्ठ्यातल्या एका पटकथेपासून हे कुठवर पोचलं बघा.

आणि ती विक्रीची वाट? ती पॅरामाउंटनेच बुजवायला हातभार लावला. जानेवारी १९९५ मध्ये ‘व्हॉयेजर’ ही पुढची ‘स्टार ट्रेक’ मालिका घेऊन भागीदारीत यूपीएन हे नेटवर्क काढलं. त्याच महिन्यात डब्ल्यूबी हे दुसरं नेटवर्क आलं. ज्या स्वतंत्र, कुठल्याच नेटवर्कला न बांधलेल्या स्टेशनांच्या संध्याकाळच्या वेळांवर हे सगळं उभं होतं, त्यातली बरीचशी या दोघांनी वाटून घेतली. बाहेरच्या मालिकांची जागा आकसत गेली. धंदा म्हणून बरोबर असेलही. मला आजही वाईट वाटतं.

दाराचं मोल आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत जयंत नारळीकरांनी टोपणनावाने कथा पाठवली आणि पहिला नंबर काढला. परीक्षकांसमोर नाव नव्हतं, कथा होती.

म्हणून ‘द बाँडिंग’ एकदा बघाच. मोहिमेत आई मरते, बारा वर्षांचा जेरेमी यानावर एकटा उरतो. ‘स्टार ट्रेक’चे जनक जीन रॉडनबेरी यांचा आक्षेप होता की चोविसाव्या शतकातलं मूल मृत्यू स्वीकारेल, रडणार नाही. एवढ्यावर कुणीही ती पटकथा परत गठ्ठ्यात टाकली असती. पिलरने आक्षेपच कथेत घेतला. ठीक आहे, पोरगा रडत नाही. सगळे त्याच्याभोवती उभे आहेत, आईचं रूप घेतलेलं कुणीतरी त्याला हाका मारतंय, आणि त्याला अजून रडू फुटलेलं नाही.