अंबाझरीच्या पाळीवरची झाडं काढलीच पाहिजेत

हे लिहिल्यावर अर्धे मित्र नाराज होतील, ठाऊक आहे. नागपूरच्या अंबाझरी तलावाच्या पाळीवर, म्हणजे पाणी अडवणाऱ्या बांधावर, उभ्या असलेल्या त्या झाडांच्या सावलीत सकाळी फिरणाऱ्यांपैकी मीही एक. तरीही पाळीवरची झाडं गेली पाहिजेत, असंच माझं ठाम मत आहे.

अंबाझरीची पाळ मातीची आहे. नागपूरला पाणी मिळावं म्हणून 1870 मध्ये हा तलाव उभा राहिला. पुढे शहराच्या पाण्यासाठी गोरेवाडा तलाव आला, कन्हान नदी आली, पेंच धरण आलं, आणि अंबाझरी आपल्यासाठी बोटिंगची, बागेची, ओव्हरफ्लो बघायला जायची जागा झाली. पाळीमागे पाणी तुंबलेलं आहे, हे मात्र आपण विसरून गेलो.

मातीच्या धरणातून थोडं पाणी पाझरतंच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण मोठ्या झाडाची मुळं आत खोल जातात. झाड मेलं की मूळ कुजतं, त्या जागी पोकळी राहते आणि पाण्याला आयती वाट मिळते. पाणी त्या वाटेने मातीचे कण वाहून नेतं, वाट रुंदावत जाते. वादळात झाड उन्मळलं तर पाळीचा लचकाच निघतो. म्हणून मातीच्या धरणावर गवत राखतात, झाडं नाही. नुसता बुंधा कापूनही भागत नाही. मुळं खणून काढून तो खड्डा थराथराने माती दाबत भरावा लागतो. हे काम घाईने, कंत्राट उरकल्यासारखं झालं तर झाडं होती तेच बरं होतं म्हणायची पाळी येईल.

दुसरा धोका पाणी पाळीवरून वाहण्याचा. दगडी धरण ते काही काळ सोसतं, मातीचं नाही. त्यामुळे सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर जाण्याची वाट, मोकळा असणं हाच जुन्या पाळीचा खरा विमा. 22 सप्टेंबर 2023 च्या रात्री पहाटेपर्यंत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला. पाळ टिकली, पण ओव्हरफ्लोचं पाणी आणि नाग नदी मिळून अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीत घुसले. सैन्य बोलवावं लागलं. माणसं दगावली. सांडव्यापाशी विवेकानंदांचं स्मारक आहे. त्यांच्याविषयी मनात पूर्ण आदर ठेवून सांगतो, पाण्याच्या वाटेत कुणाचंच स्मारक नको. ते चांगल्या जागी, सन्मानाने हलवा.

जुलै 2019 मध्ये चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, तेही मातीचंच. गळतीच्या तक्रारी गावकरी आधीपासून करत होते. तिथलं पाणी वाडीवर गेलं. अंबाझरीच्या खाली अख्खं शहर आहे.

झाडं हवीतच. तलावामागे वनविभागाचं जैवविविधता उद्यान आहे, काठावर मोकळी जागा आहे, तिथे दुपटीने लावा. मी खड्डे खणायला येईन.

आणि रोज पाळीवर फिरणाऱ्यांना एक विनंती. खालच्या उताराकडे, पायथ्याशी बघत चला. नवा ओलावा किंवा झरा दिसला तर फोटो काढून महापालिकेला कळवा. पाणी गढूळ असेल तर एक तासही थांबू नका, कारण तेव्हा पाण्यासोबत पाळीची माती वाहून जात असते.