सुई आम्हीच काढून घेतली

परवा भाचा कॉलेजला निघाला आणि शर्टाचं बटण तुटलं. त्यानं शर्टच बदलला, बटण टेबलावर तसंच टाकून गेला. झालं, घरातली मोठी मंडळी सुरू झाली, "आजकालच्या पोरांना साधं बटण लावता येत नाही!" मीही मान डोलावली. रात्री भांडी आवरताना आठवलं, मागच्या वर्षी ह्याच पोरानं सुईदोरा मागितला होता. तेव्हा मीच म्हणाले होते, "आण इकडे, तुला नाही जमायचं."

आमच्या लहानपणी, दहीपुलाजवळच्या वाड्यात, शिवण शिकवायला म्हणून कुणी बसवलं नाही. आजीला दिसायचं कमी. दुपारी हाक यायची, "दोरा ओवून दे गं जरा." गेलं की सुटका नाही. "आलीच आहेस तर हे टोक धर." टोक धरता धरता कधीतरी सुई हातात यायची.

नाशिकची थंडी तुम्हाला माहीत आहेच. निफाडचा पारा पेपरात झळकायच्या आधी गोधड्या तयार लागायच्या. खाली-वर आजीची जुनी लुगडी, मध्ये आजोबांची विरलेली धोतरं, आणि कडेकडेनं आत जाणारा धावदोरा. एक कोपरा माझा. माझे टाके बोटभर लांब आणि वाकडे, पण आजीनं कधी उसवले नाहीत. "अंगावर घेतल्यावर कोण बघतंय?" ती गोधडी अजून आहे. अंधारातसुद्धा माझा कोपरा कळतो, कारण तिथे पायाचं बोट टाक्यात अडकतं.

माझ्या भावाला मात्र ही हाक कधीच आली नाही. शाळेतही कार्यानुभवाच्या तासाला आम्हा मुलींना रुमालावर साखळी टाका आणि मुलांना खडू बनवणं. दादा हॉस्टेलवरून दिवाळीला यायचा तो उसवलेल्या कपड्यांची पिशवी घेऊनच. आज पन्नाशी उलटली तरी बटण तुटलं की वहिनीला हाक. आणि नावं ठेवायची ती नव्या पिढीला!

"यूट्यूबवर सगळं असतं," असं भाचा म्हणतो. असतं खरं. भद्रकालीतल्या रफूवाल्या चाचांकडून मी एकदा रफू शिकले. कपड्याच्याच आतल्या दुमडीतून धागा काढायचा, आधी उभे धागे भरायचे, मग आडवा धागा एकाच्या वरून, एकाच्या खालून. एवढं व्हिडिओतही दिसतं. पण धागा किती ओढायचा? जास्त ओढला की कापड चुणतं, सैल सोडला की फुगा येतो. चाचांनी माझा हात धरून दोनदा धागा ओढून दाखवला, तेव्हा कुठे कळलं. त्यांचा मुलगा ह्या कामात नाही. कशाला येईल? दोन तासांच्या रफूचे पैसे देताना आपण घासाघीस करतो, वर ऐकवतो, "एवढ्यात नवीन येईल."

जुनं ते सगळं गोड होतं असं माझं म्हणणं नाही हं. ठिगळ लावलेला फ्रॉक घालून शाळेत जायची मला लाज वाटायची. आईनं शिवलं ते हौसेनं नाही, नवीन परवडत नव्हतं म्हणून.

रविवारी भाच्याला ते बटण आणि सुई दिली. पठ्ठ्यानं दोन हात लांब दोरा घेतला, गुंता झाला, बोटाला टोचलं. मग बटण इतकं घट्ट आवळलं की काजात जाईना. माझे हात नुसते शिवशिवत होते. मी ते पदराखाली धरून बसले आणि एवढंच म्हणाले, "बटणाखाली काडेपेटीची काडी ठेव. टाके झाले की काडी काढ आणि खालच्या दोऱ्याला तीन-चार वेढे दे." त्यानं स्वतःच उसवलं, पुन्हा लावलं. बटण किंचित तिरकं बसलंय. सोमवारी तोच शर्ट घालून गेला. जाताना म्हणाला, "आत्या, कॉलरखालचंही ढिलं झालंय, संध्याकाळी बघतो."

दादा पेपरामागून सगळं बघत होता. त्याच्या कुडत्याची बाही काखेत उसवलीय. मला दिसलीय, पण मी काही बोललेले नाही.