मांजरीला म्हशीचे नियम

फाल्गुन लागला की आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर हमखास फिरून येतो. वर 'गाभण मांजरीची काळजी', खाली 'पुण्याचं काम आहे, पुढे पाठवा'. मधलं कोणी वाचत नाही, पुढे मात्र सगळे पाठवतात. यंदा तो धाकट्या काकांनी पाठवला. मधलं थोडक्यात असं: गाभण मांजरीला मांस-अंडी बंद करा, चटक लागली की ती पिल्लं खाते, दूध-भाकरी पुरे. दूध वाढावं म्हणून जनावरांचं कॅल्शियम पाजा. व्याल्यावर बाळंतिणीसारखा लसूण द्या. अडगळीची, अंधारी जागा द्या. पिल्लांना हात लावू नका, आई टाकून देते. आई नसेल तर गाईचं दूध कापसाच्या बोळ्याने पाजा. आणि पाजती मांजर पुन्हा गाभण राहत नाही.

काकांशी ग्रुपवर वाद घालायचा नाही, हा आमच्या घरचा दंडक आहे. म्हणून इथे लिहिते.

अडगळीची जागा, हे एकच त्यात बरोबर आहे. चोपडा तालुक्यातल्या आमच्या घरी चांगला भाव मिळायची वाट बघत कापूस मागच्या खोलीत रचलेला असतो, आणि दर वर्षी कोणती तरी मांजर त्या ढिगातच विते. आजी म्हणायची, "कापसाले भाव नही, पण मांजरले घर भेटनं." तिथून तिला उठवू नये. फक्त कापूस भरायला गाडी येण्याआधी ढीग चाचपून घ्यावा.

आता चटकेचं. मांजर कधीकधी पिल्लू खाते, हे खरं आहे. पण खाते ती मेलेलं किंवा न जगणारं पिल्लू. नाहीतर पहिलटकरीण असेल, भेदरली असेल, उपाशी असेल. पुष्कळदा ती वार, म्हणजे पिल्लामागून बाहेर पडणारा मांसल गोळा, खात असते आणि दाराच्या फटीतून बघणाऱ्याला वाटतं पिल्लू खाल्लं. वार खाणं नेहमीचंच आहे. मांसाच्या चवीचा याच्याशी संबंध असता तर उंदीर मारणाऱ्या मांजरींचा वंश कधीच बुडाला असता.

उलट मांस बंद केलं की नुकसान सुरू होतं. मांजरीला टॉरिन नावाचा घटक लागतो. तिच्या शरीराला तो पुरेसा तयार करता येत नाही, मांस-मासळीतूनच घ्यावा लागतो. भाकरीत, डाळीत तो नाही आणि गाईच्या दुधात नावापुरता. १९८७ साली कॅलिफोर्नियात पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की टॉरिन कमी पडलं की मांजरीचं हृदय फुगून कमजोर होतं. गाभणपणात कमी पडलं तर गर्भ पोटातच विरतात, पिल्लं मेलेली किंवा खुरटलेली जन्मतात. 'अ' जीवनसत्त्वाचंही तसंच. गाजर-भोपळ्यातून आपण ते बनवतो, मांजर बनवू शकत नाही. म्हणजे दूध-भाकरीवर ठेवलेली मांजर पोट भरूनही उपाशीच. ती तगते, कारण रात्री ती उंदीर मारते आणि हे आपल्याला माहीत नसतं. उंदरांना झिंक फॉस्फाइडचं विष घातलेल्या शेतात तीच शिकार तिचा जीव घेऊ शकते.

गाभणकाळ साधारण ६३ ते ६५ दिवसांचा. भूक हळूहळू वाढत शेवटी दीडपटीपर्यंत जाते. पोटात पिल्लांची दाटी झालेली असते, म्हणून थोडं थोडं, चार-पाच वेळा द्यावं. खरी ओढ पाजताना लागते: तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नेहमीच्या दुप्पट ते चौपट. तेव्हा मोजूमापू नये, ताटली भरलेलीच ठेवावी. कोंबडीचं मांस, हृदय, अंडं, सगळं शिजवून, मीठ-मसाला न घालता. टॉरिन उकळलेल्या पाण्यात उतरतं, म्हणून ते पाणी फेकू नये, त्यातच कालवून द्यावं. कलेजी आठवड्यातून एखाद वेळ, चमचाभर. रोज दिली तर 'अ' जीवनसत्त्व जास्त होऊन गर्भालाच बाधतं.

"आमच्या घरात माळ आहे, अंडं कसं शिजवू?" हे मला दर वर्षी कोणीतरी विचारतं, आणि प्रश्न रास्त आहे. माझे आजोबा मुक्ताईच्या पालखीबरोबर पंढरपूरला चालत जायचे. आमच्या चुलीवर आजही अंडं चढत नाही. आम्ही मांजरीच्या पिल्लांसाठीचं तयार कोरडं खाद्य आणतो आणि ताटली ओट्यावर ठेवतो. पिल्लांचंच का? त्यात प्रथिनं आणि ताकद जास्त असते; गाभण आणि पाजत्या मांजरीला तेच चालतं. ते कोरडं असल्यामुळे पाणी भरपूर लागतं. आणि आमच्याकडे वैशाखात पारा ४४-४५ अंशांवर जातो. माठातल्या पाण्याचं पसरट भांडं पिल्लांपासून चार पावलांवर असावं, दोन वेळा बदलावं. पत्र्याच्या खोलीत व्याली असेल तर एवढ्याने भागणार नाही. त्या वेळी 'तिला उठवू नये' हा नियम मोडून पिल्लांसकट गारव्याला हलवा.

कॅल्शियमची कॅन प्रत्येक गोठ्यात असते, म्हणून मोह होतो. तो आवरा. गाभणपणात बाहेरून कॅल्शियम ओतलं की हाडांतलं कॅल्शियम गरजेला काढायची शरीराची सवय सुस्तावते. व्याल्यावर दुधातून ते भराभर जायला लागलं की रक्तातलं कमी पडतं. मांजर थरथरते, ताठते, लाळ गाळते. हे दिसलं की पिल्लं बाजूला करून तिला सरळ पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यायचं. मग तिथे कॅल्शियमच शिरेतून हळूहळू देतात. चांगलं खाणाऱ्या मांजरीला वरून काही लागत नाही.

लसूण तर नकोच. लसूण-कांद्याने मांजरीच्या तांबड्या पेशी फुटतात आणि अंगातलं रक्त कमी होतं. खान्देशात लसणाशिवाय फोडणी नाही, तेव्हा शेवभाजीचा उरलेला रस्सा भाकरीत कुस्करून तिच्यापुढे ठेवणंही बंद करा. तापाची पॅरासिटामॉल अर्धी गोळीसुद्धा तिला मारू शकते.

हात लावण्याबद्दल थोडकंच. आई हाताच्या वासाने पिल्लं टाकत नाही, गर्दी केली की हलवते. 'मांजर सात घरं फिरवते' म्हणतात ते त्यामुळेच. तिच्या ओळखीच्या माणसाने दिवसातून एकदा पिल्लं वजनकाट्यावर ठेवावीत. जन्माला साधारण १०० ग्रॅम असतात, रोज १०-१५ ग्रॅम वाढतात. वाढत नसतील तर दूध पोहोचत नाहीये.

बोळ्याचं मात्र मला नीट सांगायचंय, कारण ते मी केलंय. पाच वर्षांपूर्वी चार पिल्लांची आई रस्त्यावर गाडीखाली मेली. पिल्लं जेमतेम आठवड्याची होती. मी गाईचं दूध कोमट केलं, पिल्लाला बाळासारखं मांडीवर उताणं घेतलं आणि बोळा तोंडात पिळला. दूध नाकातून आलं. दुसऱ्या दिवशी ते पिल्लू घरघरत गेलं. उताण्या पिल्लाचं दूध सहज फुप्फुसात जातं, हे मला नंतर कळलं. बाकी तिघांना जुलाब लागले. मांजरीच्या दुधात गाईच्या दुधापेक्षा प्रथिनं जवळजवळ दुप्पट असतात. गाईचं दूध त्यांना पुरत नाही, वर पचतही नाही. तीनपैकी एक जगलं. ते जगलं कारण जनावरांच्या औषधाच्या दुकानात पिल्लांची दूध पावडर मिळाली. पिल्लू पालथं ठेवायचं, जसं ते आईला लुचतं तसं, आणि छोट्या बाटलीने दर दोन-तीन तासांनी पाजायचं, रात्रीसुद्धा. गार पडलेल्या पिल्लाला आधी ऊब द्यायची, मग दूध. कापूस लागतोच, पण तो ओला करून पाजल्यावर शेपटीखाली हलकेच चोळायला. एरवी आई चाटून करते ते काम आहे. त्याशिवाय त्या वयात पिल्लाला शी-शू होत नाही.

राहिलं शेवटचं, पाजती मांजर गाभण राहत नाही. राहते. पिल्लं अंगावर असतानाच ती माजावर येऊ शकते आणि बोका कुंपणावर बसलेलाच असतो. पिल्लं आठेक आठवड्यांची होऊन सुटी झाली आणि दूध आटलं की तिची नसबंदी करून घ्यावी, तोवर तिला घरात ठेवावं. काका, तुमच्या गोठ्यातली भुरी मांजर गेल्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, व्याली. श्रावणातल्या पहिल्या सोमवारी ती परत व्याली, फोटो तुम्हीच टाकला होता. मधले महिने मोजा, त्यातले दोन गर्भाचे वजा करा, आणि तेव्हा पहिली पिल्लं कुठे होती ते आठवून बघा.