खुलासा: ‘ड्रोन १२ मिनिटांत स्वतःच उडायला शिकला’ हे खरं नाही

अमेरिकेतल्या कॅलटेक या तंत्रसंस्थेच्या ‘न्यूरल-फ्लाय’चा, म्हणजे वाऱ्यातही ड्रोनला मार्गावर ठेवणाऱ्या पद्धतीचा, व्हिडिओ पुन्हा फिरतोय. सोबतची ओळ अशी: ‘एआय १२ मिनिटांत उडायला शिकला, आता कंट्रोल थिअरीचं गणित मोडीत.’ कंट्रोल थिअरी म्हणजे यंत्राला हवं तसं वागायला लावण्याचं गणित. हा विषय शिकणाऱ्या मुलांनी तरी यावर विश्वास ठेवू नये, म्हणून लिहितो आहे.

१२ मिनिटांचा आकडा खरा आहे, पण तो उडायला शिकण्याचा नाही. ड्रोनला उडवणारा कंट्रोलर, म्हणजे त्याच्या मोटरांना आज्ञा देणारा प्रोग्राम, माणसांनी गणिताने रचलेला होता. वाऱ्याच्या ६ वेगवेगळ्या वेगांत प्रत्येकी २ मिनिटं उडवून जो डेटा मिळाला, त्यातून न्यूरल नेटवर्क (डेटातून शिकणारा एआय प्रोग्राम) एवढंच शिकलं की वारा ड्रोनला कसकसा ढकलतो. हे शिक्षण आधीच उरकलेलं होतं. प्रत्यक्ष उड्डाणात नेटवर्क गोठवलेलं असतं, म्हणजे त्याने शिकलेलं बदलत नाही. बदलतात ते फक्त शेवटच्या थरातले मोजके गुणांक (आकडे), आणि ते बदलण्याचा नियम अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलचा (चालता चालता आकडे जुळवून घेणाऱ्या कंट्रोल थिअरीच्या शाखेचा), म्हणजे त्याच ‘मोडीत’ निघालेल्या गणिताचा!

शिकवताना वारा सेकंदाला ६.१ मीटरपर्यंतच होता, चाचणीत तो १२.१ वर नेला. तरी ड्रोन मार्गावर राहिला. मला खरी कमाल इथे वाटते. मात्र २०२२च्या शोधनिबंधातली गणिती सिद्धताही मार्गावरून ढळण्याची चूक शून्य होईल असं म्हणत नाही. ती एका मर्यादेत राहील, एवढीच हमी देते, आणि तीही गृहीतकं पाळली गेली तरच.

व्हिडिओ जरूर पाठवा, खालची ओळ तेवढी काढून टाका.