बोटांच्या ठशांत बुद्धी वाचता येत नाही

पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत गेली काही वर्षे एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा: गर्भात मेंदू आणि बोटांवरच्या रेषा एकाच काळात घडतात, म्हणून दहा बोटांचे ठसे स्कॅन केले की मुलाची जन्मजात बुद्धी कळते; अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांनी सांगितलेल्या आठ बुद्धिमत्तांची टक्केवारी हाती येते; ठसे बदलत नसल्यामुळे ही ‘डीएमआयटी’ (डर्मॅटोग्लिफिक्स मल्टिपल इंटेलिजन्स टेस्ट) चाचणी आयुष्यात एकदाच करावी लागते; आणि मानसशास्त्रज्ञांच्या चाचण्या परदेशी असून मुलाच्या त्या दिवशीच्या मनःस्थितीवर अवलंबून असतात. अशा अहवालावर विसंबून दहावीनंतरची शाखा ठरवली जाते, हे मला फार गंभीर वाटते.

एकाच काळात घडण्याच्या मुद्द्यात तथ्य आहे. बोटांवरच्या रेषा साधारण दहाव्या आठवड्यानंतर उमटू लागतात आणि सहाव्या महिन्यापर्यंत त्यांची रचना पक्की होते. त्वचेचा बाहेरचा थर आणि मज्जासंस्था गर्भाच्या एकाच बाह्यस्तरातून येतात. मात्र केस, नखे आणि दातांवरचे एनॅमलही त्याच स्तरातून येते, आणि नखांवरून गणित किती येईल हे कोणी सांगत नाही. शंख उमटणार की चक्र, हे बरेचसे बोटांच्या टोकांवरच्या फुगवट्यांच्या आकारावर आणि त्यांच्या वाढीच्या वेळेवर ठरते. तेवीस हजारांहून अधिक लोकांच्या माहितीवर आधारलेल्या, २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात या नक्षीचा संबंध प्रामुख्याने हातपाय घडवणाऱ्या जनुकांशी आढळला. शिवाय मेंदूची जडणघडण जन्मानंतर थांबत नाही, ती वयाच्या पंचविशीपर्यंत चालू राहते. डाउन सिंड्रोममध्ये हाताच्या रेषा वेगळ्या दिसतात, हा दाखला या संदेशाचे समर्थक नेहमी देतात. तिथे एका जादा गुणसूत्राचा परिणाम सगळ्या शरीरावर झालेला असतो, आणि निदान पक्के करण्यासाठीही गुणसूत्रेच तपासतात. त्यावरून इतर मुलांच्या क्षमतांची उतरंड लावण्याला कोणताही आधार मिळत नाही.

ठशांवरून बुद्धी ओळखण्याची कल्पना नवीन आहे, असेही संदेशात सुचवलेले असते. प्रत्यक्षात ती सव्वाशे वर्षांपूर्वीच तपासून झाली आहे, आणि तपासणारा माणूस या दोन्ही विषयांचा आद्य अभ्यासक होता. इंग्लिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांना माणसामाणसांतली बौद्धिक तफावत मोजायची होती आणि ती आनुवंशिक असल्याची त्यांची ठाम धारणा होती. ठशांत तिची खूण सापडली असती तर सर्वांत जास्त आनंद त्यांनाच झाला असता. त्यांनी विद्यार्थी, शेतमजूर, नामवंत विचारवंत आणि गंभीर मतिमंदत्व असलेल्या व्यक्ती अशा सर्वांचे ठसे पडताळले, आणि क्षमतेचा किंवा स्वभावाचा मागमूस त्यांत सापडत नाही अशी स्वच्छ कबुली दिली.

ठसे सोडून शरीराच्या इतर मोजमापांचाही मार्ग त्यांनी धरला होता. १८८४ साली लंडनच्या आरोग्य प्रदर्शनात त्यांनी प्रयोगशाळा थाटली आणि हजारो लोकांची पकड, दृष्टी, ऐकण्याची तीक्ष्णता व प्रतिक्रियेचा वेग मोजला. कोलंबिया विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवर अशीच मोजमापे घेतली गेली, तेव्हा १९०१ मध्ये क्लार्क विस्लर यांना त्यांचा परीक्षेतल्या गुणांशी जवळपास काहीच संबंध दिसला नाही. त्यानंतर वाट बदलली. आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमॉं यांनी १९०५ मध्ये पॅरिसमध्ये तीस कृतींची चाचणी तयार केली, तीत मुलाला प्रत्यक्ष विचार करायला लावले: आकडे ऐकून परत सांग, दोन वस्तूंतला फरक सांग, दिलेल्या शब्दांचे वाक्य कर. बुद्धीचे मापन तेव्हापासून याच पायावर उभे आहे. डेव्हिड वेक्सलर यांनी बुद्धीची व्याख्या हेतुपूर्वक वागण्याची, तर्काने विचार करण्याची आणि परिस्थितीला परिणामकारकपणे सामोरे जाण्याची एकंदर क्षमता अशी केली. ही क्षमता कृतीतूनच प्रकट होते, म्हणून मुलाने काहीही न करता ती मोजली गेली असे म्हणताच येत नाही.

आता टक्केवारी. ‘तार्किक-गणिती बुद्धी १४ टक्के’ या आकड्याचा अर्थ काय? कशाच्या १४ टक्के? बुद्ध्यांकाला अर्थ येतो तो तुलनेमुळे: त्याच वयाच्या मोठ्या प्रातिनिधिक गटाची सरासरी १०० आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत याचे माप) १५ धरलेले असते, त्यामुळे ११५ म्हणजे शंभरांतल्या सुमारे ८४ समवयस्कांपेक्षा वरचढ कामगिरी, हे सांगता येते. जबाबदार मानसशास्त्रज्ञ त्या आकड्याबरोबर तो किती पुढेमागे असू शकतो हेही सांगतो. ठशांच्या ज्या अहवालांत आठही टक्केवाऱ्यांची बेरीज १०० होते, तिथे दोष आणखी खोल आहे, कारण एक क्षमता वाढली की दुसरी घटलीच पाहिजे असे त्यात गृहीत धरलेले असते. चार्ल्स स्पिअरमन यांनी १९०४ मध्ये नेमके उलटे दाखवले: एका प्रकारच्या बौद्धिक कामात पुढे असणारी मुले इतर प्रकारांतही बहुधा पुढे असतात. मागाहून झालेल्या असंख्य अभ्यासांत हा सहसंबंध पुनःपुन्हा मिळाला आहे.

गार्डनर यांचे नाव इथे विनाकारण ओढले जाते. त्यांनी १९८३ मध्ये सात बुद्धिमत्ता मांडल्या आणि आठवी पुढे जोडली. मेंदूला इजा झालेल्या व्यक्ती, असामान्य कौशल्याची मुले, निरनिराळ्या संस्कृतींतली कौशल्ये हे त्यांचे पुरावे होते, बोटांच्या रेषा नव्हत्या. त्यांचा सिद्धान्त शिक्षकांना आवडला, तरी बुद्धिमापनाच्या अभ्यासकांत तो वादग्रस्तच राहिला आहे. मूल ‘डाव्या मेंदूचे’ की ‘उजव्या मेंदूचे’ असे जे वर्गीकरण केले जाते, तेही असेच: २०१३ मध्ये हजारावर मेंदूंच्या प्रतिमा तपासल्या, तेव्हा एखाद्या माणसाचा सबंध डावा किंवा सबंध उजवा भाग वरचढ असल्याचे दिसले नाही.

‘बदलत नाही’ हा गुण म्हणून सांगितला जातो. पुन्हा मोजल्यावर तेच उत्तर येणे म्हणजे विश्वसनीयता. जे मोजायचे तेच मोजले जाणे म्हणजे सप्रमाणता. बुटाचे माप दहा वेळा घेतले तरी तेच येईल, म्हणून ते बुद्धीचे माप होत नाही. उलट गर्भावस्थेत आणि बालपणी आयोडीन कमी पडले किंवा शरीरात शिसे गेले, तर बुद्धीवर परिणाम होतो हे चांगले सिद्ध झालेले आहे, आणि ज्या मोजमापाला हा फरक दिसूच शकत नाही ते स्थिर असून निरुपयोगी आहे.

परदेशीपणाचा आक्षेप मात्र मी गांभीर्याने घेतो. दुसऱ्या समाजातले प्रश्न जसेच्या तसे आपल्या मुलांना विचारणे अन्यायाचेच आहे. म्हणूनच १९३० च्या दशकात व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडला बिने यांच्या चाचणीचे कानडी आणि मराठी मुलांसाठी रूपांतर केले, आणि १९६९ मध्ये नागपूरच्या डॉ. मॅलिन यांची भारतीय मुलांसाठीची बुद्धिमापन श्रेणी आली. या चाचण्यांची मानके (ज्यांच्याशी मुलाच्या गुणांची तुलना होते ते समवयस्कांचे गुण) जुनी झाली आहेत ही खरी अडचण आहे, कारण जेम्स फ्लिन यांनी दाखवल्याप्रमाणे अनेक देशांत पिढ्यान्‌पिढ्या गुण चढत गेले आणि जुन्या मानकांवर मूल आहे त्यापेक्षा हुशार ठरते. यावर उपाय नव्याने प्रमाणीकरण करण्याचा आहे. मुलाची त्या दिवशीची मनःस्थिती चाचणी घेणारा प्रशिक्षित माणूस समोर बसून पाहतो आणि नोंदवतो. यंत्रावर बोट टेकवताना ती कोणी पाहतच नाही.

‘पण अहवाल आमच्या मुलाला तंतोतंत लागू पडला,’ हे उत्तर उरतेच. १९४८ मध्ये मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी ३९ विद्यार्थ्यांना स्वभावाचे वर्णन दिले आणि ते किती जुळते हे पाचपैकी गुण देऊन सांगायला लावले. सरासरी ४.२६ आली. वर्णन सर्वांना एकच दिलेले होते.

अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलाच्या बाबतीत या सगळ्याची किंमत मोजावी लागते. अध्ययन अक्षमता (बुद्धी पुरेशी असूनही वाचन, लेखन किंवा गणितात येणारी सततची अडचण) आहे का, हे ठरवण्यासाठी बुद्धिमापन आणि शैक्षणिक चाचणी दोन्ही लागतात. त्यावरून अधिकृत प्रमाणपत्र मिळाले की दहावीच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळू शकतात. सातवीत ‘गणिती बुद्धी कमी’ असा ठशांचा अहवाल हाती घेऊन घरी बसलेल्या मुलाची ही तपासणी तीन वर्षे लांबते, आणि दहावीचा अर्ज भरायची वेळ येते तेव्हा त्या अहवालाचा काहीही उपयोग होत नाही.