‘एल्व्हिस’ (१९७९): चिरका आवाज, तुटकी गोष्ट आणि तुमची प्रत

नमस्कार. अमेरिकन गायक एल्व्हिस प्रेस्लीवरच्या, जॉन कार्पेंटरने दिग्दर्शित केलेल्या ‘एल्व्हिस’ या टीव्हीपटाचं इथे नको इतकं कौतुक झालं, असं तुमचं म्हणणं. तक्रारी तीन: गाणी एल्व्हिसच्या आवाजात नाहीत, ती घाईत आणि चिरकी वाजतात, आणि गोष्ट मध्येच तुटते. पहिली तक्रार खरी. उरलेल्या दोन्हींचा दोष बहुधा तुमच्या प्रतीकडे जातो.

आधी चिरकेपणा. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित होतो. भारतात आणि बहुतेक युरोपात टीव्हीची जुनी पद्धत पॅल होती, म्हणजे सेकंदाला २५ चौकटी. त्यामुळे पॅल प्रत काढताना फिल्म सरळ २५ने पळवत. वेग चार टक्क्यांहून थोडा जास्त वाढतो, तीन मिनिटांचं गाणं सात सेकंद आधी संपतं आणि सूर जवळजवळ पाऊण पट्टी चढतो. पांढरी सहातलं गाणं पांढरी सहा आणि काळी पाच यांच्या मध्ये लटकतं. चित्र आणि आवाज बरोबरच पळत असल्यामुळे ओठ मात्र नीट जुळतात, म्हणून शंका येत नाही. एनटीएससी या अमेरिकन टीव्ही पद्धतीच्या प्रतीत चौकटी ठरावीक क्रमाने पुन्हा दाखवतात. तिथे वेगातला फरक हजारात एक, कानाला न कळणारा.

तपासायचं असेल तर गाणं चालू असताना ट्यूनर ॲप लावा. सगळेच सूर पुढच्या पट्टीपेक्षा सारखेच सुमारे ३० सेंट खाली दिसले (म्हणजे मूळ सुरापेक्षा ७० सेंट वर; १०० सेंट म्हणजे एक पट्टी), तर प्रत पॅलची. मग व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये वेग ०.९६ करा. पण त्याआधी ऑडिओ सेटिंगमधलं ‘टाइम स्ट्रेचिंग’ बंद करा, नाहीतर गाणं संथ होईल आणि सूर होता तिथेच राहील. बहुतेकांचं इथेच चुकतं.

आता तुटकेपणा. ११ फेब्रुवारी १९७९ला एबीसी या अमेरिकन वाहिनीवर हा चित्रपट जाहिराती धरून तीन तासांच्या वेळेत दाखवला गेला. परदेशी चित्रपटगृहांसाठी तो कापून सुमारे दोन तासांचा केला. पॅलमुळे दोन तासांत पाचच मिनिटं कमी होतात, तेव्हा एकूण लांबी पाहिली की कात्री लागली आहे का ते लगेच कळतं.

आवाजाचं म्हणाल तर पडद्यावर कर्ट रसेल, गळा रॉनी मॅकडॉवेल या गायकाचा. एल्व्हिसची सुरुवातीची गाणी जिथे मुद्रित झाली त्या सन स्टुडिओच्या मूळ टेपा मोनो: एल्व्हिसचा आवाज, स्कॉटी मूरची इलेक्ट्रिक गिटार आणि बिल ब्लॅकचा उभा बास, सगळं एकाच ट्रॅकवर. तो आवाज वेगळा काढायची सोय १९७९ साली नव्हती. मग गाणं अर्ध्यात थांबतंय, पुन्हा सुरू होतंय, असा प्रसंग मूळ रेकॉर्डवर उभा करायचा कसा? तरीही सुरुवातीच्या गाण्यांत मॅकडॉवेल जरा जास्तच भरदार वाटतो, हे कबूल. ५ जुलै १९५४ला ‘दॅट्स ऑल राइट’ मुद्रित झालं तेव्हा ड्रम नव्हतेच. ठेका यायचा तो बासच्या तारा लाकडावर आपटून, आणि स्टुडिओचा मालक सॅम फिलिप्स दुसऱ्या टेपमशीनवरून आवाज क्षणभर उशिरा परत आणून मिसळायचा, त्यातून. एल्व्हिस तेव्हा १९ वर्षांचा होता. गळ्यातला तो कोवळेपणा मॅकडॉवेलकडे नाही.

खरी उणीव तुम्ही लिहिलीच नाहीत. रसेल तेव्हा २७च्या घरातला, आणि शाळकरी एल्व्हिसच्या प्रसंगांत ते लपत नाही. तुमच्या प्रतीची लांबी मात्र जरूर कळवा, मिनिटांत.