हेलबॉय, वहिनी आणि वेताळ

नाशिकला दादाच्या घरी दोन आठवडे धुसफुस चालू आहे. चौदा वर्षांच्या पुतण्याच्या दप्तरात वहिनीला 'हेलबॉय'चं कॉमिक सापडलं. लाल अंगाचा, शिंगं तासलेला सैतान पाहून तिने ते थेट कपाटावर टाकलं. दादा फोनवर म्हणाला, "तुमच्याकडे चालत असेल, आपल्याकडे असलं अभद्र नको."

आमच्याकडे म्हणजे कॅनडात, कॅल्गरीला. पण या बाजूलाही ते सुखासुखी चाललेलं नाही. १९५४ साली अमेरिकेत सिनेटपुढे कॉमिक्सची सुनावणी झाली आणि धास्तावलेल्या प्रकाशकांनी स्वतःच नियमावली केली: रक्तपिपासू पिशाच्चं, चालती प्रेतं, नरलांडगे, सगळं बंद. ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. वहिनीची भीती मला खुळी वाटत नाही ती म्हणूनच.

'स्पॉन' मीही त्याला आत्ता देणार नाही. १९९२चं हे कॉमिक काढणारा टॉड मॅकफार्लेन कॅल्गरीतच जन्मला. बायकोला एकदा पाहता यावं म्हणून मेलेला सैनिक सैतानाशी करार करतो. परततो तोवर पाच वर्षं उलटलेली, तिने त्याच्याच जिवलग मित्राशी लग्न केलेलं. घरापासून लांब राहणाऱ्याच्या हे फार आत लागतं. पण पुढे साखळ्या आणि लाल झगाच पानं खातात, गोष्ट जागची हलत नाही. लहान मुलांच्या खुन्याचा अंक तर मी दुसऱ्यांदा उघडलेला नाही.

हेलबॉयचं तसं नाही. जगाच्या नाशासाठी जन्मलेलं हे पोर एक प्राध्यापक पोटच्या मुलासारखं वाढवतो, आणि ते भुताखेतांपासून माणसांना वाचवत फिरतं. माइक मिन्योलाची चित्रं तर बघत राहावीत: अर्धं पान नुसतं काळं, त्यातून एक दगडी हात तेवढा पुढे आलेला.

दादा, आपण पंचवटीत वाढलो. शूर्पणखेचं नाक इथेच कापलं म्हणून गावाचं नाव नाशिक, हे आजोबांनी सांगितलं तेव्हा मी सात वर्षांचा होतो. तपोवनातून अंधारात परतताना मी घाबरलो, तर त्यांनी गोष्ट थांबवली नाही, माझं बोट घट्ट धरलं.

हेलबॉयच्या पुस्तकमालेत 'द कॉर्प्स' नावाची एक कथा आहे. पऱ्यांनी पळवलेलं तान्हं बाळ सोडवायला हेलबॉय आयर्लंडमध्ये रात्रभर पाठीवर बोलकं प्रेत घेऊन या कबरस्तानातून त्या कबरस्तानात हिंडतो. रविवारी व्हिडिओ कॉलवर ती मी वहिनीला आणि पुतण्याला वाचून दाखवणार आहे. विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ मग वहिनीने सांगायचा.